सोनीला सगळी तोंडं रागावलेली दिसायची

"मावशी, रश्शात पाणी कोणी घातलं?"

बापूशेठ हातात वाटी घेऊन आत आले तेव्हा मी चुलीपुढं बसून कांदा भाजत होते. रविवार होता. बाहेर शेडमधली सगळी टेबलं भरलेली, झोक्यावर पोरं, आंब्याखाली नंबर लावून उभी राहिलेली माणसं. अशा टायमाला शेठ आत येत नाय. आत आले म्हंजे कायतरी बिघडलं.

मी वाटी तोंडाला लावली. रस्सा नव्हता तो. भांडी विसळल्यावर जे पाणी उरतं तेच, फक्त गरम.

"मी नाय घातलं," मी म्हणले.

"मंग काय आभाळातून पडलं? बाहेर रोजचं गिऱ्हाईक मला कपाळ दाखवतंय. म्हणतंय, शेठ, हात लावून बघा, घाम नाय!"

ज्याला आमचा धंदा माहीत नाय त्याला हे कळायचं नाय, म्हणून सांगते. मिसळ म्हंजे खाली मटकीची उसळ, वर शेव-फरसाण, कांदा, कोथिंबीर. एवढं कोणीबी करील. खरं काम रश्शाचं. काळा मसाला, भाजलेला कांदा, भाजलेलं खोबरं, अन् वर लाल तेलाचा थर येतो ती तर्री. गिऱ्हाईक गाडी काढून एवढ्या लांब येतं ते तर्रीसाठी. पहिल्या घासाला कान गरम झाले पाहिजेत. दुसऱ्याला नाक वाहिलं पाहिजे. मंग कपाळावर घाम येतो, माणूस रुमाल काढतो, डोळे पुसतो, "आई गं" म्हणतो अन् अजून एक वाटी मागतो. असं झालं म्हंजे गिऱ्हाईक खुश. घाम नाय आला तर त्याला वाटतं आपल्याला फसवलं.

बोर्डावर आमच्या 'चुलीवरची मिसळ' लिहिलंय. मागं गॅसबी हाय. रविवारी एकट्या चुलीला दम निघत नाय. ते जाऊ द्या.

मी तिथं रस्सा करते. माझं शिक्षण दुसरी. माहेर चांदवडकडचं, सासरबी तिकडचंच. नवरा विहिरीच्या कामावर दगड पडून गेला तेव्हा पोरगा पाळण्यात होता. मी कांद्याच्या खळ्यावर काम केलं, मंग नाशकात येऊन लोकांची धुणीभांडी केली, मंग इथं लागले. रडत बसायचा कोणी पगार देत नाय. म्हणून रडले नाय.

मी उठून बाहेर काउंटरला गेले. काउंटरवर मोठा टोप असतो, खाली बारीक गॅस. त्यातून रस्सा बादलीत घ्यायचा अन् टेबलाटेबलावर फिरून वाढायचा, हे काम सोनीचं. सोनी म्हंजे माझ्या बहिणीची नात. बावीस वर्षांची पोर. ती टोपाशेजारी उभी होती अन् तिचा चेहरा त्या रश्शापेक्षा पांढरा झाला होता.

"सोने, टोपात पाणी कोणी घातलं?"

"मी."

"किती?"

"जेवढे रागावले तेवढं."

"कोण रागावले?"

"सगळे," सोनी म्हणली. मंग हळूच बोटानं दाखवायला लागली. "तो निळ्या शर्टवाला बघ. त्याचं तोंड लाल झालं होतं. टेबलावर हात आपटत होता. ती बाई रडत होती. तिच्या नवऱ्यानं माझ्याकडं बघून फू केलं."

"अगं, तिखट लागलं त्याला!"

"म्हणून तर पाणी घातलं."

"मंग?"

"मंग लाल व्हायचे थांबले. पण नुसते बघत बसले. तोंडावर कायच नाय. ते तर जास्तच रागावलेले दिसले. मंग अजून घातलं."

शेठ माझ्या मागंच उभे होते. त्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "मावशी, म्हंजे तोंड लाल झालं तरी पाणी, अन् नाय झालं तरी पाणी?"

"तसंच दिसतंय," मी म्हणले.

"मंग थांबणार कधी होती ही?"

टोपाकडं बघून वाटलं, विहीर आटल्यावर.

शेठ माणूस वाईट नाय. गिऱ्हाइकापुढं बोलले नाय. मला बाजूला घेतलं अन् म्हणले, "तुमच्या शब्दावर घेतली मी तिला. पुढच्या रविवारी हास्य क्लबाचं बुकिंग हाय, चाळीस माणसं, वर्धापनदिन. बादली घेऊन तिथं तिनंच फिरायचं. जमलं तर जमलं. एक थेंब पाणी गेलं, नायतर परत कायतरी झालं, तर तिला गावाला सोडून या."

गावाला सोडून या म्हंजे काय, ते शेठला ठाऊक नव्हतं. मला होतं.

सोनी बारावीला चांगली पास झाली होती. नाशकात कॉलेजला आली. तिथं तोंडी परीक्षा असते. सर प्रश्न विचारतात, आपण उभं राहून उत्तर द्यायचं. सर समोर बसून चष्मा पुसत होते. हिला वाटलं, हसू दाबतायत. दुसऱ्या मॅडम खाली मान घालून कायतरी लिहीत होत्या. हिला वाटलं, कंटाळल्या. उत्तर येत होतं, पण ही उठली अन् थेट येश्टीत बसून घरी. त्यानंतर वर्षभर धान्याच्या खोलीत बसून राहिली. पाहुणा आला की कोठीच्या मागं. आई हाक मारायची तर ताट दाराशी ठेवायला सांगायची. घरच्यांनी देवाचं केलं, बाहेरचं बघितलं, शेवटी लग्न लावून टाकू म्हणले. जिला माणसाचं तोंड बघवत नाय तिला एका घरभर माणसांत ढकलायची! मी जाऊन तिला उचलून आणली अन् सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीण बाईला दाखवली. त्या म्हणल्या, याला सोशल अँक्झायटी म्हणतात. गोळ्या दिल्या अन् म्हणल्या, थोडं थोडं माणसांत जाऊ द्या.

आमच्या मिसळीएवढी माणसं मला दुसरीकडं कुठं सापडणार? थोडं थोडं तेवढं माझ्याकडून ऐकायचं राहिलं.

पाण्याच्या प्रकारानंतर मी सोनीला घेऊन परत त्या मॅडमकडं गेले. सगळं सांगितलं. मॅडमनी तोंडावर हात धरला, पण ऐकून घेतलं. मंग त्यांनी टेबलाच्या कप्प्यातून फोटो काढले. नुसती तोंडं. एक हसणारं, एक रडणारं, एक चिडलेलं, एक असंच, बसच्या पासावर असतं तसं.

"सोनाली, हा माणूस कसा वाटतो?"

"रागावलाय."

"आणि ही?"

"तीपण."

"हा?"

"हा रागावलाय पण दाखवत नाय."

तो बसच्या पासवाला होता. मॅडम मला म्हणाल्या, "बघा आजी, हिचे डोळे चांगले आहेत. पण मनात भीती बसलीय ना, ती साध्या चेहऱ्यावरही राग शोधते. ज्या चेहऱ्यावर काहीच नाही तिथे तर सगळ्यात आधी. हिला खोटं वाटत नाही, खरंच तसं दिसतं. आणि बाकीच्या वेळी ही लोकांकडे बघतच नाही, त्यामुळे चूक झाली हे कळायची संधी मिळत नाही."

मंग त्यांनी माझ्यापुढं फोटो धरला. "आजी, तुम्ही सांगा. ही बाई कशी आहे?"

बाई दात काढून हसत होती. मी म्हणले, "हसतीय. आता दिसतं मला. मधी दिसत नव्हतं."

"मधी म्हणजे?"

सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. माझा पोरगा मोटरसायकलवर गेला, त्याला झाली आता बरीच वर्षं. त्यानंतर मी कामाला जात होते, भाकरी करत होते, पण माणसांच्या तोंडावरचं मला कळायचं बंद झालं. नाक, डोळे, तोंड, सगळं जागेवर दिसायचं. पण त्यात काय चाललंय ते कळायचं नाय. अन् कळलं तर दुःखच कळायचं. शेजारची बाई एकदा पळत आली. हातात पेढ्यांचा बॉक्स, दाताची बत्तिशी बाहेर, अन् डोळ्यात पाणी. तिला नातू झाला होता. मी तिच्याकडं बघितलं अन् विचारलं, "कोण गेलं?"

ती बाई अजून माझ्याशी नीट बोलत नाय.

मॅडम हसल्या नाय यावेळी. म्हणाल्या, "त्याला डिप्रेशन म्हणतात, आजी. उदासीचा आजार. त्यात हसरा चेहरा पटकन ओळखू येत नाही. भीतीचा आजार नसलेला राग दाखवतो, उदासीचा आजार असलेला आनंद लपवतो. तुम्ही कोणाला दाखवलं होतंत?"

"नाय. कांदे होते काढायला."

मॅडमनी कागदावर कायतरी लिहिलं. बहुतेक माझंच असावं. मंग सोनीला म्हणाल्या, "चेहरा बघून निकाल द्यायचा नाही. शंका आली तर विचारायचं. 'तुम्ही रागावलात का?' एवढंच. चार शब्द सुद्धा नाहीत." अन् मला म्हणाल्या, "आजी, राग मानू नका, पण तुमचा चेहरा सुद्धा जरा..."

"असाच हाय तो," मी म्हणले. "लग्नाच्या फोटोतबी असाच हाय. सासूनं पहिल्या दिवशी विचारलं होतं, कोणी मारून आणलंय का."

तेव्हा सोनी खाली बघून म्हणली, "आजी, तू माझ्यावर रोज रागावतीस ना? मी आले त्या दिवसापासून."

पोर माझ्या खोलीत राहत होती. मी उठायच्या आधी भांडी घासलेली असायची, पाणी भरलेलं असायचं, माझे पाय चेपायला बसायची. मी गल्लीभर सांगत होते, काय कामाची पोर हाय! अन् ही मला भिऊन करत होती. मी मनात खुश व्हायचे अन् तोंडावर तेच, मारून आणलेलं.

"मी रागावलेले नव्हते कधीच," मी म्हणले.

"मंग सांगायचं ना!"

मॅडम म्हणाल्या, "हेच. सांगायचं. चेहऱ्यावर दिसत नसेल तर तोंडानं सांगायचं. दोघींचं औषध एकच आहे."

तिथून आल्यावर मी शेठला सगळं समजावलं. शेठ म्हणले, "म्हंजे आम्ही बोलत फिरायचं?"

"बोलत नाय. ओरडत. आपल्याकडं ऑर्डर ओरडतात तसं."

आमच्या किचनला सवय हाय ओरडायची. "तीन मिसळ, एक जैन!" म्हंजे एक बिनकांद्याची. "सात नंबरला पाव!" "दही संपलं!" त्यात आता नवीन ऑर्डरी सुटल्या. मी चुलीपाशी बसून ओरडायचे, "मी रागावलेले नाय! धूर डोळ्यात गेलाय!" पाववाला गडी यायचा, तो म्हणायचा, "सोनाली, मी रागावलो नाय, पाव जड हायेत!" शेठ गल्ल्यावरून ओरडायचे, "सोनी, मी चिडलोय! तुझ्यावर नाय! गॅसवाल्यावर!" एकदा गॅसवाला समोरच उभा होता. तो निघून गेला. त्या दिवशी चुलीवरची मिसळ खरोखर चुलीवर झाली.

गिऱ्हाइकं बघत राहायची. एका बाईनं विचारलं, "इथे सगळे सारखे चिडलेले का असतात?" शेठ म्हणले, "नाय नाय, नसतो, म्हणून तर सांगतो."

पण सोनीला फरक पडला. दरवेळी कोणी ओरडलं की ती आधी तोंडाकडं बघायची, मंग ऐकायची, मंग परत तोंडाकडं बघायची. शनिवारी तिनं आपणहून पाववाल्याला विचारलं, "दादा, रागावलात का?" तो म्हणला, "नाय गं, दाढ दुखते." ती मला येऊन म्हणली, "आजी, त्याची दाढ दुखतीय." जसं काय लॉटरी लागली.

रविवार उजाडला. शेठनी काउंटरजवळचं सगळं पाणी उचलून लांब ठेवलं. जग, तांबे, माठ, सगळं. लोकांना पाणी पाहिजे तर शेठ स्वतः बाटल्या घेऊन फिरत होते. खोकणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत बाटली पोचेपर्यंत त्याची अर्धी मिसळ व्हायची.

हास्य क्लबाची माणसं आली. जॉगिंग ट्रॅकवर रोज पहाटे जमणारी म्हातारी मंडळी. पांढरे शर्ट, पांढरे बूट. त्यांचे अध्यक्ष नाना, पोट सुटलेले, गळ्यात शिट्टी. झाडाला बॅनर बांधला. मोठा केक आणला. मी म्हणले, केक अन् तर्री, देव यांचं रक्षण करो.

आम्ही ताटं लावली. मिसळ वाढली. आता सोनीनं बादली घेऊन फिरायचं. मी अन् शेठ किचनच्या खिडकीतून बघत होतो. शेठ म्हणले, "मावशी, हसणारी माणसं हायेत. यांच्यात तिला काय भ्या वाटणार?"

मला तेव्हा कुठं ध्यानात आलं. रागापेक्षा सोनीला हसण्याची जास्त भीती होती. कोणी हसलं की ते तिलाच. कॉलेजात तेच तर झालं होतं. अन् आम्ही तिला नेमकं हास्य क्लबात सोडलं होतं. चाळीस माणसं, ज्यांचं काम कारण नसताना हसायचं.

मी "सोने!" म्हणून हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात नानांनी शिट्टी वाजवली. "मित्रहो, खाण्याआधी एक सिंहहास्य!"

सिंहहास्य मला ठाऊक नव्हतं. आता हाय. डोळे वटारायचे, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढायची, दोन्ही हातांचे पंजे करायचे अन् पोटातून हसायचं. चाळीस म्हातारी माणसं एका वेळी तसं करतात तेव्हा धीराच्या माणसालासुद्धा घरची आठवण येते. अन् सोनी बादली घेऊन त्यांच्या बरोबर मधी उभी. जिकडं बघावं तिकडं जीभ.

"गेली," शेठ म्हणले.

सोनीचे पाय हलत नव्हते. तिनं पाण्यासाठी काउंटरकडं बघितलं, ते मी बघितलं. पाणी नव्हतं. मंग तिनं बादली दोन्ही हातांनी धरली, चालत गेली अन् नानांच्या समोर जाऊन उभी राहिली. नानांची जीभ अजून बाहेरच होती.

"नाना, तुम्ही रागावलात का?"

आवाज बारीक, पण सगळ्यांनी ऐकला. हसणं एकेक करत बंद पडलं. जिभा आत गेल्या.

नाना म्हणाले, "कोण म्हणालं?"

"कोणी नाय. मला दिसतं. पण मला सगळ्यांचंच तसं दिसतं, म्हणून विचारते."

शेठनी कपाळाला हात लावला. नानांचे पंजे अजून वरच होते. ते हळूहळू खाली आले.

"हो," नाना म्हणाले. "रागावलोय."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला, बाळ? ह्याच्यावर!" अन् नानांनी शेजारी बसलेल्या टोपीवाल्या काकांकडं बोट केलं. "इतकी वर्षं रोज पहाटे शिट्टी कोण वाजवतो? मी! थंडीत, पावसात, मी! आणि वर्धापनदिनाच्या बॅनरवर फोटो कोणाचा? ह्याचा!"

आम्ही सगळ्यांनी बॅनरकडं बघितलं. खरंच, टोपीवाले काका होते, दात दाखवून.

टोपीवाले उठले. "नाना, तुमचाच लावणार होतो! तुमचे सगळे फोटो बघितले! एकातही तुम्ही हसत नाही!"

"मी रोज हसतो!"

"तोंड उघडता, नाना! हसत नाही! हास्य क्लबाच्या बॅनरवर न हसणारा माणूस कसा लावायचा?"

"माझं तोंडच तसं आहे!" नाना ओरडले.

मला त्या माणसाबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

मंग जे सुरू झालं ते काय विचारू नका. अर्धी मंडळी नानांच्या बाजूला, अर्धी टोपीच्या. कोण कोणाच्या मुलीच्या लग्नाला आला नव्हता, चटया कोण उचलतो अन् कोण नुसता लोळतो, केकवर कोणाचं नाव आधी, सगळं निघालं. एक आजी म्हणल्या, "मला तर पहिल्या दिवसापासून हसू येत नाही, मी नुसती शेजारणीसाठी येते." त्यांची शेजारीण म्हणली, "मी तुझ्यासाठी येते!" नानांची मान फुगली होती, टोपीवाल्यांचा आवाज फाटला होता. टेबलावर मुठी पडत होत्या. अन् सोनी मधीच उभी. पळाली नाय. डोळे मोठे करून एकेकाचं तोंड बघत होती, जसं पोरं जत्रेत बघतात.

भांडणाला भूक लागते हे मी आयुष्यात लय वेळा बघितलंय. थोड्या वेळानं नानांनी बसून एक घास घेतला. समोरच्यानंबी घेतला. मंग भांडता भांडता घास, घास घेता घेता भांडण. घाम आला, नाकं वाहिली. कोण रागानं लाल अन् कोण तर्रीनं लाल, ते ब्रह्मदेवालाबी सांगता आलं नसतं. नाना ओरडले, "बाळ, रस्सा!" टोपीवाले ओरडले, "इकडे आधी!" सोनी धावली. बादली संपली, परत भरली, परत संपली. पाणी घालायचं तिच्या ध्यानातबी आलं नाय.

शेवटी दोन्ही पार्ट्यांनी टेबलं लांब ओढली. केक मधून कापून दोन तुकडे केले. बॅनर टोपीवाल्यांनी नेला, शिट्टी नानांनी. जाताना एकमेकांशी बोलले नाय.

शेठ मटकन खुर्चीत बसले. "मावशी, चाळीस माणसं हसत आली अन् भांडत गेली. माझ्या हॉटेलात. तिच्या एका प्रश्नानं."

सोनीची पिशवी भरायची कशी, तेच माझ्या डोक्यात होतं. आत गेले तर ती चुलीपाशी बसली होती. रिकामी बादली मांडीत धरली होती, पण डोळे वेगळेच होते.

"आजी," ती म्हणली, "राग असा असतो?"

"असा असतो."

"मान फुगते? आवाज फाटतो?"

"हो."

"मंग तो निळ्या शर्टवाला..."

"तो मिसळ खात होता, बाई."

तिनं चुलीत एक लाकूड सरकवलं. "म्हंजे माझ्यावर अजून कोणी रागावलंच नाय?"

"शेठ रागावले होते की. पाणी घातलं तेव्हा."

"ते तर नानांच्या पुढं कायच नाय," सोनी म्हणली. अन् तिनं मला निरखून बघितलं. "तुला आता वाईट वाटतंय. शेठ मला काढणार म्हणून."

बरोबर होतं. माझ्या तोंडावरचं या जन्मात कोणी बरोबर ओळखलं असेल तर तिनंच.

मी शेठकडं जाऊन म्हणले, "तिला घेऊन जाते सकाळच्या गाडीनं." शेठ फोनवर होते. हातानं मला थांब म्हणले. तिकडून नाना बोलत होते. त्यांनी नवीन हास्य क्लब काढायचं ठरवलं होतं, अन् महिन्याच्या पहिल्या रविवारी मिसळ आमच्याकडंच. "ती मुलगी वाढायला असेल तरच," असं म्हणले. शेठनी फोन ठेवला, तर दुसरा वाजला. टोपीवाले. त्यांना तिसरा रविवार पाहिजे होता.

शेठनी दोन्ही लिहून घेतले. मंग मला म्हणले, "मावशी, मी रागावलेलो नाय."

"बरं."

"एका क्लबाचे दोन झाले. राहू द्या तिला."

सोनी अजून तिथंच हाय. गोळ्या चालू हायेत. काही दिवशी परत सगळी तोंडं रागावलेली दिसतात, मंग ती मागं बसून कांदा चिरते अन् आम्ही कोणी काय विचारत नाय. बाकी दिवशी ती विचारते. सगळ्यांना विचारते. एका माणसानं मोबाईलवर आमच्याबद्दल लिहिलं, ते शेठनी मला वाचून दाखवलं. मिसळ झणझणीत, वाढणारी मुलगी विचारते रागावलात का, मी बायकोवर रागावलो होतो, हिला कसं कळलं? त्यानं एक स्टार कापलाय.

मधी आम्ही मॅडमना भेटायला गेलो. हास्य क्लबाचं सांगितलं तर मॅडम खुर्चीत मागं पडून हसल्या. मी सोनीकडं बघितलं. तिचे खांदे वर गेले होते. पण तिनं मान वर केली अन् विचारलं, "मॅडम, मला हसताय का?"

"नाही गं," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "त्या बॅनरला."

सोनीनं थोडा विचार केला अन् मंग तीपण हसली.

माझी पण गोळी चालू झालीय, रात्रीची अर्धी. शेजारणीकडं पेढे घेऊन गेले होते. तिनं दार उघडलं, माझं तोंड बघितलं अन् घाबरून विचारलं, "काय झालं?" मी म्हणले, कायच नाय, मी खुश हाय. तिला पटायला जरा वेळ लागला.

एवढ्या सगळ्यातून मला कळलं ते एवढंच. तोंड बघून पोटात गोळा आला तर विचारून घ्यावं. माणसं बहुतेक वेळा तुमच्यावर रागावलेली नसतात. तुमच्यासाठी त्यांना तेवढी फुरसतच नसते.